रोजच्या गाडीत परफॉर्मन्स कॅम टाकायचाय? मग कॅम शेवटी निवडा, आधी हे बघा

कॅम (इंजिनाचे व्हॉल्व उघडणारा दांडा) बदलायचं डोक्यात आलं की प्रत्येक नवा माणूस एकच विचारतो, "कुठला कॅम टाकू?" आणि उत्तर देणारे पण लगेच नंबर फेकायला लागतात, हा टाक तो टाक, अमक्याने टाकला त्याची गाडी उडते. गाडीचं वजन किती, कॉम्प्रेशन किती, गिअर कुठले, ऑटोमॅटिक आहे की मॅन्युअल, हे काहीच न विचारता कॅम सुचवणारा माणूस उंटावरून शेळ्या हाकतोय असं खुशाल समजा. कॅम हा एकटा पार्ट नाहीच मुळी, तो एका सेटमधला एक पार्ट आहे, आणि सेट जमला नाही तर पैसे घालून गाडी आधीपेक्षा मंद होते. हे खरंच होतं. आयडलला मस्त गडगड आवाज येतो, लोक वळून बघतात, आणि सिग्नल सुटला की साधी स्टॉक (कंपनीतून आली तशी) गाडी पुढे निघून जाते.

खाली लिहिलेलं मुख्यतः पेट्रोल गाडीसाठी आहे, जी रोज चालवायचीय, ट्रॅफिकमध्ये उभी राहायचीय आणि सुट्टीच्या दिवशी थोडी पळवायचीय.

पायरी १: आधी कागद घ्या, कॅटलॉग नंतर

लिहून काढा: इंजिन किती सीसी, प्रत्येक सिलिंडरला व्हॉल्व किती, कॉम्प्रेशन रेशो किती, गाडीचं वजन, फायनल ड्राइव्ह (चाकांच्या आधीचा शेवटचा) गिअर कुठला, गिअरबॉक्स कुठला, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा) आहे का, पेट्रोल किती ऑक्टेनचं मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आठवडाभर गाडी चालवताना टॅकोमीटरचा काटा कुठे असतो ते नुसतं बघा. बहुतेकांचा काटा १५०० ते ३५०० मध्येच फिरत असतो, कधीतरी पाय दाबला तर ५००० च्या वर. आणि कॅटलॉगात बघून जो कॅम आवडतो तो बोलायला लागतो ३००० नंतर. म्हणजे दिवसभर जिथे गाडी चालवता तिथली ताकद देऊन टाकायची आणि जिथे महिन्यातून दोनदा जाता तिथली विकत घ्यायची, असा हा व्यवहार. तो करायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून करा.

कॉम्प्रेशन "बहुतेक साडेनऊ असेल" असं लिहू नका. इंजिन आधी उघडलेलं असेल, हेड घासलेलं असेल, गास्केट जाड टाकलेली असेल तर मॅन्युअलमधला आकडा गेला कामातून. चेंबर किती सीसी, गास्केट किती जाड, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट भागाच्या) किती खाली, हे मोजूनच घ्या.

पायरी २: कॅमकार्ड वाचायला शिका

कॅमसोबत एक कार्ड येतं, नवीन माणसाला ते जन्मपत्रिकेसारखं दिसतं पण त्यात कामाच्या गोष्टी चारपाचच असतात.

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व किती उघडतो. लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) लिफ्ट गुणिले रॉकरचा (ती हालचाल व्हॉल्वपर्यंत नेणाऱ्या पट्टीचा) रेशो. लोब ०.३२० इंच आणि रॉकर १.५ चा तर व्हॉल्वला ०.४८० इंच, म्हणजे साधारण १२.२ मिमी. तोच लोब १.६ च्या रॉकरवर ०.५१२ इंच, १३ मिमी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व क्रँकच्या किती डिग्री उघडा राहतो. इथे नवीन लोक हमखास फसतात, कारण एकाच कॅमची दोन ड्युरेशन लिहिलेली असतात. एक "अॅडव्हर्टाइज्ड", जे लिफ्ट अगदी जराशी सुरू झाल्यापासून मोजतात, आणि कुठपासून मोजायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. दुसरं टॅपेट (लोबवर टेकून वरखाली होणारा पार्ट) ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेलं, काही कंपन्या १ मिमीवर मोजतात. दोन कॅमची तुलना करताना दोन्हीचे आकडे एकाच पद्धतीचे हवेत. एकाचं २६८ आणि दुसऱ्याचं २१८ बघून "पहिला मोठा" असं ठरवू नका, कदाचित दोन्ही एकच कॅम असतील.

लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधला कोन. हा कमी असला, १०६ ते १०८ वगैरे, की दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात, आणि तो गडगड आवाज तिथूनच येतो. ११२ ते ११४ असला की आयडल शांत, व्हॅक्यूम चांगला, इंजेक्शनवाल्या गाडीला सोयीचा.

समजा कार्डावर असं आहे: अॅडव्हर्टाइज्ड २६८ इनटेक, २७६ एक्झॉस्ट, ०.०५० वर २१८ आणि २२६, लोब सेपरेशन ११२, इनटेक सेंटरलाइन (पिस्टन सगळ्यात वर असल्यापासून किती डिग्रीने इनटेक पूर्ण उघडतो) १०८. ओव्हरलॅप काढायला दोन्ही ड्युरेशनची बेरीज भागिले ४, त्यातून लोब सेपरेशन वजा, उरेल त्याची दुप्पट. २६८ अधिक २७६ म्हणजे ५४४, भागिले ४ म्हणजे १३६, वजा ११२ म्हणजे २४, दुप्पट ४८ डिग्री. लोब सेपरेशन १०८ केलं तर हाच ओव्हरलॅप ५६ होतो. लोब तेच, फक्त कोन बदलला, आणि गाडीचा स्वभाव बदलला.

पायरी ३: इनटेक व्हॉल्व बंद कधी होतो ते काढा

माझ्या मते अख्ख्या कार्डावरचा सगळ्यात कामाचा आकडा हा, आणि याकडेच कुणी बघत नाही, सगळे लिफ्ट आणि आवाजाच्या मागे.

पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागतो तेव्हा इनटेक व्हॉल्व अजून उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो त्यामुळे ती पिस्टन वर येत असताना पण आत घुसत राहते, फायदा होतो. कमी आरपीएमला तो वेग नसतो, मग वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. म्हणजे खरं कॉम्प्रेशन सुरू होतं व्हॉल्व बंद झाल्यावर. मोठा कॅम म्हणजे उशिरा बंद होणारा व्हॉल्व, म्हणून खालचा दम जातो.

वरच्या कॅमचं गणित बघा. सेंटरलाइन १०८, अधिक २६८ चे निम्मे १३४, वजा १८०, उत्तर ६२. म्हणजे पिस्टन तळाला जाऊन गेल्यावर ६२ डिग्रीने व्हॉल्व बंद. आता ८८.४ मिमी स्ट्रोक आणि १४४.८ मिमी कनेक्टिंग रॉड धरला तर त्या क्षणी पिस्टनला वर जायला साधारण ७०.३ मिमी उरलेले असतात, पूर्ण स्ट्रोकच्या जवळपास ८० टक्के. कागदावर १० चं कॉम्प्रेशन असेल तर प्रत्यक्षात ८.२ च्या आसपास मिळतं. कागदावर ९ असेल तर ७.४. आणि त्याच ९ वाल्या इंजिनात ७५ डिग्रीला बंद होणारा दांडगा कॅम टाकला तर उरतं ६.६. असं इंजिन खाली अक्षरशः झोपलेलं असतं, पेट्रोल पितं आणि ओढत नाही. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या रस्त्याच्या गाडीला हा प्रत्यक्ष आकडा ८ च्या आसपास ठेवायचा, थोडं इकडेतिकडे चालतं. फार वर गेला तर नॉकिंग, म्हणजे इंजिन खडखडायला लागतं आणि पिस्टनची वाट लागते.

म्हणून सरळ नियम असा की कॉम्प्रेशन वाढवायचं नसेल तर छोटा कॅम घ्या. मोठा कॅम घ्यायचाच असेल तर पिस्टन किंवा हेडचं काम बजेटमध्ये आधीच धरा. ही गणितं करायला तयार कॅल्क्युलेटर मिळतात, पण एकदा हाताने करून बघा, मग कॅटलॉग वेगळाच दिसायला लागतो.

पायरी ४: साइज ठरवा, आणि मोह झाला तर एक नंबर खाली या

साडेपाच ते सहा लिटरचं सिलिंडरला दोन व्हॉल्ववालं पुशरॉड (कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८ धरलं तर ०.०५० वर २१० पर्यंतचे कॅम जवळपास स्टॉकसारखे वागतात. २१५ ते २२५ हा रस्त्यासाठी चांगला पट्टा, थोडा आवाज, थोडा वरचा दम, रोज चालवता येतं. २३० च्या पुढे गेलात की तडजोडी सुरू, गिअर बदला, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) बदला, ब्रेकचं बघा.

हे आकडे दुसऱ्या इंजिनाला जसेच्या तसे लावू नका. तोच कॅम मोठ्या इंजिनात मवाळ वाटतो आणि छोट्या इंजिनात जंगली, कारण भरायचा सिलिंडर छोटा. १६०० सीसीच्या इंजिनात व्ही-८ वाल्याचे आकडे बघून कॅम घेतला तर नाकापेक्षा मोती जड. चार व्हॉल्ववाल्या ट्विन कॅम इंजिनाला हवा जायला मुळातच जागा जास्त असते, तिथे थोड्या ड्युरेशनमध्ये पण काम होतं, त्यामुळे त्या इंजिनासाठी बनवलेल्या कॅमचेच आकडे आपापसात ताडून बघा. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रामध्ये व्हीटेक आणलं ते याच भांडणावर तोडगा म्हणून, खालच्या आरपीएमला एक लोब आणि वरच्याला दुसरा. बाकीच्यांना एकाच लोबवर संसार करायचाय.

टर्बो असेल तर वेगळी गोष्ट. ओव्हरलॅप कमी ठेवा, लोब सेपरेशन रुंद. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये प्रेशर साठलेलं असतं, दोन्ही व्हॉल्व उघडे सापडले की तो धूर उलटा आत येतो.

आणि हो, कॅम विकणाऱ्या चांगल्या कंपन्यांकडे पायरी १ चा कागद पाठवला तर ते स्वतः कॅम सुचवतात. त्यांनी सुचवलेला कॅम तुमच्या मनातल्यापेक्षा छोटा निघेल. तोच घ्या.

पायरी ५: सोबतचे पार्ट

व्हॉल्व स्प्रिंग. इथे पैसे वाचवू नका, विषय संपला. स्टॉक स्प्रिंग स्टॉक लिफ्टसाठी बनवलेली असते. जास्त लिफ्टला ती पूर्ण दाबली जाऊन कॉइलवर कॉइल बसते, मग पुढे काहीतरी वाकणार किंवा तुटणार. मोजायचं कसं, तर बसवल्यावर स्प्रिंगची उंची समजा ४५ मिमी आणि पूर्ण दाबलेली उंची ३१ मिमी. १२.२ मिमी लिफ्टला स्प्रिंग ३२.८ पर्यंत येते, १.८ मिमी शिल्लक, ठीक आहे. आता कुणी सांगितलं म्हणून १.६ चे रॉकर टाकले, लिफ्ट १३, शिल्लक राहिला १ मिमी. साधारण दीड मिमी तरी हवं असतं, म्हणजे नुसता रॉकर बदलल्याने चांगला सेट धोक्यात आला. तसंच रिटेनरची (स्प्रिंगला वरून धरणाऱ्या वाटीची) खालची बाजू व्हॉल्व सीलवर आदळत नाही ना ते पण पूर्ण लिफ्टला बघा, तिथेही दीड मिमीच्या आसपास जागा ठेवा. दाब किती हवा ते कार्डावर असतं. कमी दाबाची असेल तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व लोबवरून उडतो, विनाकारण जास्त दाबाची घेतली तर लोब खाते. कॅम कंपनी जी स्प्रिंग सांगते तीच घ्या.

पिस्टन आणि व्हॉल्वमधलं अंतर. हे न तपासता इंजिन बंद करणाऱ्याला मी हात जोडतो. पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्वसाठी खाचा असतात तिथे, मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले लावायची. व्हॉल्वच्या तोंडाला तेलाचा हात फिरवायचा म्हणजे चिकटणार नाही. जुनी दाबलेली गास्केट टाकून हेड बसवायचं, रॉकर लावायचे, आणि पान्याने हळूहळू क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या फिरवायच्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. मग हेड काढून क्ले ब्लेडने मधोमध कापायची आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजायची. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. एक्झॉस्टला जास्त का, तर तो व्हॉल्व तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर या तपासणीपुरते सॉलिड टॅपेट टाका, नाहीतर टॅपेट आतून दबतो आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. सगळ्यात अडचणीची जागा पिस्टन अगदी वर असताना नसते, एक्झॉस्टची त्याच्या साधारण १० डिग्री आधी आणि इनटेकची १० डिग्री नंतर असते.

टॅपेट. फ्लॅट टॅपेट असतील तर नवीन कॅमसोबत नवीन टॅपेट, यात चर्चा नाही. जुने टॅपेट जुन्या लोबला घासून बसलेले असतात. रोलर असतील आणि चांगल्या स्थितीत असतील तर परत वापरता येतात. बिलेट स्टीलचा रोलर कॅम असेल तर कास्ट आयर्नचा डिस्ट्रिब्युटर गिअर लवकर झिजतो, कॅम कंपनी सांगेल तो ब्राँझचा वगैरे लावा.

नव्या गाड्यांत दोन भानगडी जास्तीच्या. व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात व्हॉल्वचं टायमिंग बदलणारी सिस्टिम) असेल तर तिचा फेजर कॅमला बऱ्याच डिग्री मागेपुढे फिरवतो, मोठ्या कॅमला तो लिमिट किंवा लॉक करावा लागतो नाहीतर व्हॉल्व पिस्टनला भेटायला जातो. आणि गाडी चालताना काही सिलिंडर बंद करणारी सिस्टिम असेल तर ते टॅपेट परफॉर्मन्स लोबसाठी नसतात, सिस्टिम काढूनच कॅम बदलावा लागतो.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, टॉर्क कन्व्हर्टर. स्टॉक कन्व्हर्टर ज्या आरपीएमला गाडी खेचायला लागतो तिथे मोठा कॅम अजून उठलेलाच नसतो. डी मध्ये टाकली की इंजिन गुदमरतं, बंद पडतं. थोडा जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला खेचायला लागणारा, कन्व्हर्टर हवा. मॅन्युअलवाल्यांना ही डोकेदुखी नाही पण फायनल ड्राइव्ह तर दोघांनाही बघायला लागतो. ३.०८ चा गिअर असलेल्या जड गाडीत ३.७३ टाकला तर कॅमशिवायच गाडी बदलल्यासारखी वाटते, मी तर म्हणेन आधी हेच करा, काय माहीत कॅमची हौस तिथेच फिटेल.

ब्रेक. स्टॉक इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम देतं. ओव्हरलॅप वाढला की तो पडतो, १० च्या आसपास आला की ब्रेक पेडल दगड होतं. त्यावर व्हॅक्यूम टाकी किंवा इलेक्ट्रिक पंप लागतो. हे नंतर बघू म्हणून सोडू नका, पहिल्या ड्राइव्हच्या आधी झालेलं हवं.

इनटेक, एक्झॉस्ट, हेड यांच्याबद्दल एवढंच की तिघं एकाच आरपीएमसाठी बनवलेले असावेत. जितक्या लिफ्टनंतर हेडमधून हवा वाढतच नाही त्याच्यापुढची लिफ्ट म्हणजे स्प्रिंगला उगाच त्रास. आणि गाडीला एमिशन टेस्ट द्यावी लागत असेल तर जास्त ओव्हरलॅपमुळे आयडलला न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, ते कॅम घ्यायच्या आधी लक्षात घ्या.

पायरी ६: बसवताना डिग्री करा, म्हणजे कॅम कार्डाप्रमाणे बसलाय का ते मोजा

खुणा जुळवल्या आणि चेन चढवली, झालं, असं नाही. चेन, गिअर, कॅम, सगळ्यांची थोडीथोडी चूक जमा होऊन चार डिग्री सहज सरकतात. क्रँकवर डिग्री व्हील लावा, पिस्टन स्टॉप (पिस्टनला वाटेत अडवणारा बोल्ट) लावून दोन्ही बाजूंनी फिरवा आणि दोन आकड्यांच्या मधोमध खरा टीडीसी (पिस्टनची सर्वात वरची जागा) धरा. मग पिस्टन स्टॉप काढून ठेवा, आणि इनटेक टॅपेटवर डायल गेज ठेवून सर्वात वरची जागा शोधा, तिच्या ०.०५० इंच आधी आणि ०.०५० नंतर व्हीलवर काय येतं ते लिहा. ५८ आणि १५८ आले तर बेरीज २१६, निम्मे १०८, कार्डाप्रमाणे बरोबर. ११२ आलं तर कॅम ४ डिग्री मागे बसलाय, खालचा दम जाणार. पुढे घेतला तर खालचा दम वाढतो, पण इनटेक व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतो, तेव्हा क्लेवाली तपासणी परत.

पायरी ७: पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

रोलर कॅमला वेगळं ब्रेक-इन (नवे पार्ट एकमेकांवर नीट बसवून घेणं) लागत नाही. फ्लॅट टॅपेटला मात्र पहिली २० मिनिटं म्हणजे सर्वस्व. लोब आणि टॅपेटवर असेंब्ली पेस्ट भरपूर, झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल, ऑइल पंप आधी फिरवून प्रेशर आणलेलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलेलं, टायमिंग अंदाजे लावलेलं, कूलंट पूर्ण. पहिल्या झटक्यात चालू व्हायला हवं, कारण नुसतं सेल्फ मारत बसलात तर सगळी पेस्ट पुसली जाते. चालू झालं की आयडलला सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० वर न्यायचं आणि तिथेच वरखाली करत राहायचं, कारण कमी आरपीएमला लोबवर तेल नीट उडत नाही. डबल स्प्रिंग असेल तर या वेळेपुरती आतली काढून ठेवतात. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, परत चालू करून सरळ २००० वर.

ट्यूनिंगमध्ये मोठ्या कॅमला आयडलला इग्निशन थोडं जास्त पुढे लागतं. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर गंडतो, कारण ओव्हरलॅपमुळे ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अजून पेट्रोल ओततो, आणि गाडी वास मारायला लागते. म्हणून कॅमच्या बजेटमध्ये ईसीयू ट्यूनचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा, वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा) लावून ट्यून करणारा माणूस शोधून ठेवा.

ब्रेक-इन झालं की ऑइल गरम असतानाच काढा आणि फिल्टर कापून आतला कागद उन्हात उलगडून बघा. थोडी करडी पेस्ट दिसणारच, ती असेंब्ली ल्युबची. चमचमणारे कण दिसले तर परत स्टार्ट मारू नका. रॉकर कव्हर उघडून एकेक व्हॉल्वची लिफ्ट डायलने मोजा, ज्याची कमी आली त्या लोबचं काम झालेलं असतं, आणि मग ते लोखंड बेअरिंगपर्यंत पोचलं का हे बघायला खालचा ऑइल पॅन पण उतरवावा लागतो.